पीआरमधली 'करून देणारी' ते 'ठरवणारी': नेतृत्वाच्या खुर्चीपर्यंत कसं पोहोचायचं

कुठल्याही पीआर, म्हणजे जनसंपर्काच्या, एजन्सीत सकाळी जाऊन बघा. कव्हरेज ट्रॅकर (क्लायंटची बातमी कुठे आली याची नोंद) भरणाऱ्या, पत्रकारांना फॉलोअपचे फोन लावणाऱ्या, क्लायंटनं पाचव्यांदा बदललेली प्रेस नोट पुन्हा नीट करणाऱ्या बहुतेक मुली असतात. त्याच एजन्सीच्या संचालक मंडळाची यादी काढा, चित्र बरंचसं उलटं होतं. केचम ही जगातल्या जुन्या पीआर कंपन्यांपैकी एक. ती १९२३ साली सुरू झाली आणि तिला पहिली महिला सीईओ मिळाली २०१८ मध्ये, बॅरी रॅफर्टी. मधली पंचाण्णव वर्षं त्या कंपनीत बायका काम करत नव्हत्या असं थोडंच आहे?

मी या व्यवसायात अकाउंट एक्झिक्युटिव्ह म्हणून आले (आमच्याकडे एका क्लायंटचं काम म्हणजे एक अकाउंट) आणि आज एका मोठ्या टीमची प्रमुख आहे. ज्या हुशार मुली मधल्या पायरीवर थांबलेल्या मी पाहिल्या, त्या कामात कमी पडल्या म्हणून थांबल्या नव्हत्या. त्यांचं काम इतकं चोख असायचं, की त्यांना तिथून हलवायला कुणी तयारच नव्हतं. 'तिच्याकडे दिलं की काळजी नाही' हे वाक्य प्रत्येक अप्रेझलमध्ये ऐकू यायचं आणि बढती दुसऱ्या कुणाला तरी मिळायची. म्हणून मी माझ्या टीममधल्या मुलींना पहिल्याच वर्षी सांगते, की चोख कामामुळे तुम्ही या पायरीवर टिकाल. वर जायला तुमचं नाव सल्ल्याशी आणि पैशाशी जोडलं गेलं पाहिजे. ते कसं जोडायचं, तेवढंच इथे लिहिते आहे.

आधी आपल्या आठवड्याचा हिशेब मांडा

एक कागद घ्या आणि मधोमध रेघ मारा. डावीकडे या आठवड्यात करून दिलेली कामं लिहा: प्रेस नोट, मीडिया लिस्ट, मुलाखतीची वेळ जमवणं, रिपोर्ट, मिनिट्स म्हणजे बैठकीची लेखी नोंद. उजवीकडे तुम्ही ठरवलेल्या गोष्टी लिहा: कुठली बातमी बाहेर काढायची नाही असं क्लायंटला सांगितलं, कोणता प्रवक्ता पुढे करायचा हे निवडलं, बजेट एका कामावरून दुसऱ्याकडे वळवलं, एखाद्या मुलाखतीला नकार दिला.

बहुतेकींचा डावा रकाना पानभर असतो आणि उजवीकडे दोन ओळी. हा काही आजचा शोध नाही. ग्लेन ब्रूम आणि डेव्हिड डोझियर या अमेरिकी संशोधकांनी १९७० आणि ८० च्या दशकांत पीआरमधल्या माणसांच्या भूमिका तपासल्या आणि त्यांचे दोन ठळक गट दाखवले, तंत्रज्ञ आणि व्यवस्थापक. तंत्रज्ञ मजकूर तयार करतो, व्यवस्थापक काय करायचं ते ठरवतो आणि परिणामाची जबाबदारी घेतो. बायका पहिल्या गटात जास्त अडकतात आणि त्याचा फटका पगाराला बसतो, हेही पुढे आलं. १९८६ मध्ये आयएबीसी या संवाद-व्यावसायिकांच्या संघटनेच्या संशोधन विभागानं 'व्हेल्वेट घेट्टो' नावाचा अहवाल काढला. या क्षेत्रात बायका झपाट्यानं वाढताहेत, पण निर्णयाच्या जागी त्या प्रमाणात दिसत नाहीत, हे त्याचं सूत्र होतं. हा अहवाल मी पहिल्यांदा वाचला तेव्हा माझ्याच ऑफिसचं वर्णन वाचतेय असं वाटलं होतं.

मग करायचं काय? डाव्या रकान्यातलं एकेक काम कायमचं दुसऱ्याला सोपवत जायचं. सोपवणं म्हणजे ज्युनियरला देऊन रात्री अकरा वाजता स्वतः पुन्हा लिहीत बसणं नव्हे. मासिक रिपोर्ट सोपवायचा असेल, तर त्यात काय हवं याची एका पानाची यादी करून द्या, पहिल्या महिन्यात शेजारी बसून करून घ्या, दुसऱ्या महिन्यात पाठवण्याआधी वाचा आणि तिसऱ्या महिन्यापासून तो तिच्या नावानं क्लायंटकडे जाऊ द्या. एखादा स्वल्पविराम चुकेल. चुकू द्या.

बैठकीतली मिनिट्स ही खास गोष्ट आहे. खोलीत सहा जण असले तरी वही उघडायची अपेक्षा बाईकडूनच होते, आणि जी लिहीत असते तिला बोलता येत नाही. मी बैठकीच्या आदल्या दिवशी मेलमध्येच लिहून टाकते की मिनिट्स आळीपाळीनं घेऊ या, उद्या अमुक टीमची पाळी. समोर बसून नाही म्हणण्यापेक्षा हे सोपं पडतं आणि कुणाला खटकतही नाही.

प्रेस नोटच्या आधी होणाऱ्या बैठकीत बसा

पीआरमधली खरी सत्ता मजकूर लिहिण्याच्या दोन पायऱ्या आधी असते. कंपनीनं काहीतरी ठरवलं, मग वकिलांनी तपासलं, मग आकडेवाल्यांनी बघितलं आणि शेवटी पीआरला बोलावून 'आता हे छान शब्दांत मांडा' असं सांगितलं, की आपल्या हातात फक्त विशेषणं उरतात.

पीआरचे अभ्यासक जेम्स ग्रुनिग यांच्या नेतृत्वाखाली १९८५ मध्ये एक मोठा अभ्यास सुरू झाला होता. अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या सुमारे ३०० संस्था त्यात तपासल्या गेल्या आणि लॅरिसा ग्रुनिग त्या गटात होत्या. संवाद विभाग कुठे उत्तम चालतो, याचं एक मोठं उत्तर असं मिळालं, की जिथे त्या विभागाच्या प्रमुखाला संस्थेचे निर्णय घेणाऱ्या मोजक्या माणसांपर्यंत थेट पोहोचता येतं तिथे. त्याच अभ्यासकांनी उत्तम विभागांच्या लक्षणांमध्ये बायकांना तिथे पुढे येण्याची संधी असणं हेही मोजलं. माझा अनुभव याहून वेगळा नाही.

पण त्या बैठकीचं आमंत्रण आपोआप येत नाही. मला ते एका पानामुळे मिळत गेलं, आणि या पानाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण या लेखातली सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच आहे.

समजा, कंपनी कर्मचारी कपात करणार आहे आणि तुम्हाला ते कानावर आलं आहे. पीआरची नेहमीची प्रतिक्रिया म्हणजे निवेदनाचा ड्राफ्ट उघडणं. तो उघडू नका. एक पान लिहा, त्यावर तुमचं नाव आणि तारीख टाका आणि ते बैठकीआधी पाठवा. माझं पान साधारण असं असतं:

*ठरवायचं काय:* कपातीची बातमी कर्मचाऱ्यांना कुणी, कधी आणि कशी सांगायची.

*पर्याय १:* सगळ्यांना एकाच वेळी मेल.

*पर्याय २:* ज्यांची नोकरी जाते आहे त्यांना त्यांच्या थेट वरिष्ठांनी समोर बसून सांगायचं. ते संपल्यावर तासाभरात सगळ्यांसाठी सीईओंचं निवेदन.

*शिफारस:* पर्याय २. मेलचा स्क्रीनशॉट काही मिनिटांत बाहेर जातो, आणि मग बातमी कपातीची राहत नाही, कंपनी माणसांशी कशी वागली याची होते.

*धोका:* वरिष्ठांना असं बोलायची सवय नाही. आदल्या दिवशी त्यांच्याबरोबर दोन तास सराव हवा, तो मी घेईन.

*कशानं मत बदलेल:* यादी आधीच फुटली असेल तर पर्याय २ ला वेळ उरणार नाही.

यात एकही सुंदर वाक्य नाही. पण वाचणाऱ्याला तीन गोष्टी कळतात: या बाईनं पर्याय तपासले आहेत, ती एक बाजू घेते आहे आणि अडचण आली तर स्वतः पुढे होणार आहे. शेवटच्या ओळीकडे नीट लक्ष द्या. कशानं आपलं मत बदलेल हे सांगणाऱ्या माणसाचा सल्ला हट्ट वाटत नाही, अभ्यास वाटतो. वकील आणि फायनान्सचे प्रमुख अशाच माणसांवर विश्वास ठेवतात, कारण ते स्वतः असाच विचार करतात.

पान पाठवल्यावर त्या दोघांना बैठकीआधी दहा मिनिटं वेगवेगळं भेटा. त्यांची हरकत तिथेच ऐकून घ्या आणि पानात दुरुस्ती करा. मग बैठकीत तुमच्या शिफारशीला पहिला दुजोरा बहुधा त्यांच्याकडूनच येतो.

बोलतानाही शिफारस पहिल्या वाक्यात आली पाहिजे. आपल्यापैकी अनेकींना आधी पार्श्वभूमी, मग इतरांची मतं आणि शेवटी हळूच 'असं केलं तर चालेल का' म्हणायची सवय असते. तोवर कुणीतरी मध्येच तोडतं आणि तीच गोष्ट स्वतःची म्हणून सांगतं. 'माझी शिफारस पर्याय दोनची आहे, कारणं तीन आहेत' असं म्हटलं, की तिसरं कारण होईपर्यंत लोक थांबतात. तरीही कुणी तोडलंच, तर 'माझा मुद्दा पूर्ण करते, मग तुमचं ऐकते' एवढं शांतपणे पुरतं. आणि टेबलावर दुसऱ्या बाईचा मुद्दा कुणी उचलला, तर 'हे मघाशी त्यांनी मांडलं होतं, त्यांच्याकडून पुढचं ऐकू या' असं म्हणायची जबाबदारी आपली.

पैशाची बाजू दुसऱ्याच्या हाती ठेवू नका

आमच्या व्यवसायात एक जुनी वाटणी आहे. क्लायंटशी नातं सांभाळायचं बाईनं आणि त्या नात्याचे पैसे ठरवायचे पुरुषानं. पिचच्या, म्हणजे नवं काम मिळवण्यासाठी क्लायंटसमोर करायच्या मांडणीच्या, डेकमध्ये कल्पनेची पानं ती मांडते आणि फीचं पान आलं की साहेब घसा खाकरतात. हे पान तुम्ही मांडा. पहिल्या वेळी आवाज थरथरेल, पण पुढच्या पिचला क्लायंट पैशाबद्दलचा फोन तुम्हाला करेल.

त्यासाठी आधी तुमच्या अकाउंटचा हिशेब पाठ हवा. रिटेनर (क्लायंटची दरमहा ठरलेली फी) किती, टीमचे किती तास जातात, त्या तासांचा कंपनीला पडणारा खर्च किती, उरतं किती. टाइमशीट भरायचा सगळ्यांना कंटाळा असतो, पण सतत जास्तीचं काम फुकट करून देणारी अकाउंट कोणती, हे तिथेच दिसतं. आणि ती फुकटची कामं बहुतेक वेळा अशाच बाईच्या अकाउंटवर होतात, जिला क्लायंटला नाराज करवत नाही.

तिथे नाही म्हणावं लागत नाही. मी हे वाक्य वापरते: 'हे नक्की करू. ते ठरलेल्या स्कोपच्या बाहेर आहे, तेव्हा या महिन्यातलं कोणतं काम पुढे ढकलायचं ते सांगा, नाहीतर मी वेगळा खर्च पाठवते.' निवड क्लायंटची राहते, नातं बिघडत नाही आणि तुमच्या टीमची रविवारची सुट्टी वाचते.

परिणाम सांगतानाही भाषा बदला. बातमी जितक्या जागेत आली तितक्या जागेच्या जाहिरातीची किंमत काढायची आणि तोच पीआरचा फायदा म्हणून दाखवायचा, हा प्रकार अजून चालतो. पीआरचा परिणाम कसा मोजावा हे सांगणाऱ्या, २०१० मध्ये जाहीर झालेल्या बार्सिलोना तत्त्वांनी जाहिरात-किमतीचा हा आकडा पीआरचं मूल्य नव्हेच, असं स्पष्ट सांगितलं. पुढे त्या तत्त्वांच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या, पण हा मुद्दा तसाच राहिला. ज्या सीईओसमोर तुम्हाला पुढच्या खुर्चीसाठी उभं राहायचं आहे, त्याला कात्रणांची जाडी दाखवू नका. संकटाच्या आठवड्यात किती ग्राहकांनी सेवा बंद केली, भरतीची मोहीम चालली तेव्हा किती चांगले अर्ज आले, नियामकाच्या सुनावणीआधी कुणाचं मत कुठल्या बाजूला झुकलं, हे दाखवा. हे मोजायचं तर मोहीम सुरू होण्याआधीची स्थिती नोंदवून ठेवावी लागते. ती नोंद पहिल्याच दिवशी करा, कारण नंतर ती कुणीच आणून देत नाही.

अप्रेझललाही हेच कागद न्या. 'मी खूप मेहनत केली' यावर चर्चा होत नाही. 'माझ्याकडे आली तेव्हा या अकाउंटची फी एवढी होती, आता एवढी आहे, दोन जणी माझ्या हाताखाली तयार झाल्या' यावर होते. पुढच्या पदाचे निकष लेखी मागा. देणारा चाचरला, तर निकष तुम्ही लिहून पाठवा आणि यात काही बदल असतील तर कळवा म्हणा. बहुतेक वेळा उत्तर येत नाही. मग पुढच्या वर्षी तोच मेल समोर ठेवता येतो.

अकाउंट निवडताना

मुली नव्यानं आल्या की त्यांना सौंदर्यप्रसाधनं, फॅशन, लहान मुलांची उत्पादनं अशी अकाउंट दिली जातात, आणि बँका, ऊर्जा, धोरण, कंपन्यांची खरेदी-विक्री ही अकाउंट मुलांकडे जातात. पहिल्या प्रकारचं काम हलकं नसतं. पण सीईओशी रोज बोलणं होतं ते दुसऱ्या प्रकारात. म्हणून निदान एक वर्ष ताळेबंद आणि कायद्याशी संबंध येणारं अकाउंट मागून घ्या. ताळेबंद वाचायला शिका, कंपनीच्या तिमाही निकालांच्या कॉल ऐका, संबंधित कायद्याची मूळ कलमं वाचा.

मार्जरी क्राउस यांनी १९८४ मध्ये वॉशिंग्टनमध्ये आपको सुरू केली ती सरकारी धोरण आणि कंपन्या यांच्या मधल्या कामासाठी. हे क्षेत्र तेव्हा बहुतांशी पुरुषांचं होतं. आपको सुरुवातीला एका वकिली फर्मच्या छत्राखाली होती, मग एका जाहिरात-समूहाकडे गेली आणि २००४ मध्ये क्राउस व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती विकत घेऊन स्वतंत्र केली. त्याच्या कितीतरी आधी, १९७० मध्ये, बार्बरा हंटर आणि जीन स्कूनोव्हर या बहिणींनी डडली-अँडरसन-युट्झी ही जिथे त्या नोकरी करत होत्या तीच पीआर फर्म विकत घेतली होती. या दोन्ही गोष्टी मी मुद्दाम सांगते, कारण नेतृत्व म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर फक्त पद येतं, मालकी येत नाही. एजन्सीत भागीदारी किंवा शेअर्स मिळण्याची सोय आहे का, हे वरिष्ठ पदाची ऑफर घेतानाच विचारा. हा प्रश्न विचारणाऱ्या बायका अजून फार थोड्या भेटतात.

संकट आलं की खुर्ची ओढून बसा

संकटाच्या पहिल्या काही तासांत पदांची उतरंड सैल होते. ज्याला पुढचं पाऊल सुचतं त्याचं लोक ऐकतात. माझ्या ओळखीच्या बहुतेक बायका-प्रमुख याच दारानं वर गेल्या.

एक प्रसंग सांगते. एका कंपनीच्या ग्राहकांची माहिती चोरीला गेली होती. संध्याकाळी उशिरा कॉल सुरू झाला. वकिलांचं म्हणणं होतं, काही बोलूच नका. मार्केटिंगच्या प्रमुखांकडे एक ड्राफ्ट तयार होता: 'ग्राहकांची सुरक्षितता ही आमची सर्वोच्च प्राथमिकता असून आम्ही या घटनेकडे अत्यंत गांभीर्याने पाहत आहोत.' आमच्या टीममधली एक शांत स्वभावाची मुलगी तोवर ऐकत होती. तिनं विचारलं, 'कार्डांचे नंबर गेलेत का? ग्राहकानं आज रात्री काय केलं तर त्याचं नुकसान टळेल? आणि आपल्याला पुढची खात्रीशीर माहिती कधी मिळणार?' कॉलवर शांतता झाली, कारण ही उत्तरं तोवर कुणी गोळाच केली नव्हती. तांत्रिक विभागाकडून ती मिळवल्यावर तिनं निवेदन पुन्हा लिहिलं:

'आज दुपारी आमच्या ग्राहकांची नावं आणि फोन नंबर चोरीला गेल्याचं लक्षात आलं. कार्डांची माहिती वेगळ्या यंत्रणेत असते, तिथे शिरकाव झालेला नाही. तुम्ही आज पासवर्ड बदला आणि आमच्या नावानं फोन करून ओटीपी मागणाऱ्याला तो देऊ नका. पुढची माहिती उद्या सकाळी दहा वाजता इथेच देऊ.'

आधीचा मजकूर कंपनीबद्दल होता, हा ग्राहकाबद्दल आहे. यात वकिलांना हरकत घ्यायला जागा राहिली नाही, कारण प्रत्येक वाक्य तपासून घेतलेलं होतं. त्या रात्रीनंतर त्या कंपनीच्या सीईओनं थेट तिला फोन करायला सुरुवात केली.

यासाठी आधीपासून तयारी लागते. प्रत्येक अकाउंटसाठी एक फाइल करून ठेवा: काय काय बिघडू शकतं याची यादी, प्रत्येकासाठी पहिले पाच प्रश्न, निवेदनाला मंजुरी देणारी दोनच नावं आणि त्यांचे रात्री लागणारे नंबर, प्रवक्ता आणि त्याचा पर्याय. मंजुरी देणारे सात जण असले तर निवेदन सकाळपर्यंत निघत नाही. आणि सल्ला कृतीचा द्या. १९८२ मध्ये शिकागो परिसरात टायलेनॉलच्या कॅप्सूलमध्ये विष मिसळल्यानं सात जणांचा जीव गेला, तेव्हा जॉन्सन अँड जॉन्सननं देशभरातल्या सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या. ते प्रकरण आजही शिकवलं जातं, ते त्या निर्णयासाठी.

नाव लावा

डोरिस फ्लाइशमन यांचा उल्लेख केल्याशिवाय मला हा विषय पुढे नेता येत नाही. न्यूयॉर्क ट्रिब्यूनमध्ये पत्रकारिता करून त्या १९१९ मध्ये एडवर्ड बर्नेज यांच्याबरोबर काम करू लागल्या. १९२० मध्ये अटलांटाला एनएएसीपीचं अधिवेशन भरलं, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या या संघटनेचं दक्षिणेतलं पहिलंच. वातावरण तणावाचं होतं, आणि तिथे आधी जाऊन वर्तमानपत्रांना भेटण्याचं काम फ्लाइशमन यांनी केलं. पुढे दोघांचं लग्न झालं, त्या व्यवसायात बरोबरीच्या भागीदार झाल्या, १९२५ मध्ये लग्नानंतरही स्वतःच्या माहेरच्या नावानं अमेरिकी पासपोर्ट मिळवला. पासपोर्टसाठी एवढा आग्रह धरणाऱ्या या बाईचं नाव फर्मच्या पाटीवर मात्र नव्हतं, आणि क्लायंटच्या बैठकांपासून त्या बहुतेक दूर राहिल्या. कल्पना बाईची आहे हे कळलं तर तिचा गुणावर विचार होणार नाही, हे त्यांचं कारण होतं. 'पीआरचे जनक' म्हणून आपण बर्नेज यांचं नाव पाठ करतो. त्यातलं किती काम फ्लाइशमन यांचं, हे आता वेगळं काढणं अवघड झालं आहे. मला याचा मनापासून राग येतो.

म्हणून शिफारशीच्या पानावर नाव टाका. पुरस्काराच्या अर्जात मोहिमेचं नेतृत्व कुणी केलं त्या रकान्यात नाव टाका. व्यावसायिक संघटनांच्या परिषदेत विषय तुम्ही सुचवा, चर्चेचं सूत्रसंचालन दिलं तर वक्त्याची जागा मागा. सूत्रसंचालन करणारी प्रश्न विचारते, मत लोकांना वक्त्याचं लक्षात राहतं. तुमच्या क्षेत्राबद्दल स्वतःच्या नावानं लिहा. इतरांच्या नावानं लेख लिहिण्यात आपली आयुष्यं जातात.

म्युरिएल फॉक्स यांचं उदाहरण मला नेहमी बळ देतं. कार्ल बायर या त्या काळच्या बलाढ्य फर्मनं त्यांना आधी 'आम्ही लेखिका घेत नाही' म्हणून परत पाठवलं होतं. १९५० मध्ये त्या तिथेच दुसऱ्या विभागात शिरल्या आणि १९५६ मध्ये उपाध्यक्ष झाल्या. मग त्यांना सांगण्यात आलं, याच्या वर बाईला जागा नाही, कंपन्यांच्या प्रमुखांना बाईशी बोलणं जमत नाही. १९६६ मध्ये 'नाऊ' ही अमेरिकी स्त्रियांची राष्ट्रीय संघटना स्थापन करणाऱ्यांत त्या होत्या, आणि तिची प्रसिद्धी त्यांनी त्याच कौशल्यानं सांभाळली. पुढे बायरमध्येही त्या आणखी वर गेल्या.

जिथे टीमला पाठवायचं नाही

याबद्दल मी थोडक्यात पण स्पष्ट लिहिते. क्लायंट किंवा पत्रकार रात्री उशिरा एकट्या मुलीला भेटायला बोलावतो, कार्यक्रमानंतर नको ते बोलतो, नको ते मेसेज पाठवतो. 'मीडिया रिलेशन्स आहे, थोडं सांभाळून घे' हा सल्ला आमच्या पिढीला मिळाला होता. तो पुढे देऊ नका. प्रमुख झाल्यावर पहिल्या महिन्यात नियम लिहून काढा: रात्रीच्या भेटीला दोघी, घरी जायची सोय कंपनीची, तक्रार आली की मुलीला अकाउंटवरून काढायचं नाही, त्या माणसाशी संपर्क बंद करायचा आणि क्लायंटच्या वरिष्ठांना लेखी कळवायचं. ते ऐकत नसतील तर अकाउंट सोडण्याचा अधिकार आधीच संचालकांकडून मंजूर करून घ्या. प्रसंग आल्यावर मागायला गेलात, तर महसुलाचा आकडा मध्ये येतो.

बाळंतपणाच्या रजेबद्दलही तसंच, आधी लिहून ठेवा. रजेवर जाताना कोणतं अकाउंट कुणाकडे जातंय आणि परत आल्यावर कोणतं तुमच्याकडे येणार, हे वरिष्ठांच्या मेलमध्ये हवं. परत आलेल्या बाईला 'ताण नको' म्हणून सोपं काम देणारे चांगल्या मनानंच देतात, पण तिची दोन वर्षं तिथेच जातात. तिला विचारा. ती काय म्हणते ते करा.

वर पोहोचलात की

बेट्सी प्लँक १९७३ मध्ये अमेरिकेच्या पीआरएसए या व्यावसायिक संघटनेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. संघटना १९४७ सालची. पुढे इलिनॉय बेल या टेलिफोन कंपनीत विभागप्रमुख होणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. पण मला त्यांच्याबद्दल जास्त आदर आहे तो विद्यार्थ्यांसाठी त्यांनी वर्षानुवर्षं केलेल्या कामामुळे. विद्यार्थी संघटनेच्या पाठीशी त्या आयुष्यभर उभ्या राहिल्या, आणि अलाबामा विद्यापीठात २००५ मध्ये त्यांच्या नावानं पीआरमधल्या नेतृत्वासाठी केंद्र सुरू झालं.

आपल्याला केंद्र काढता येणार नाही, पण पुढच्या पिचमध्ये जागा देता येईल. मार्गदर्शन करणाऱ्या भरपूर भेटतात; सल्ला देतात, धीर देतात. कमी पडतात त्या आपलं वजन दुसरीसाठी वापरणाऱ्या. बढतीच्या बैठकीत, जिथे ती मुलगी हजर नसते, तिथे तिचं नाव घ्या आणि तिचे आकडे सांगा. तिला तुमच्या जागी सीईओच्या बैठकीला पाठवा आणि सीईओला आधीच कळवा की निर्णय तिच्या पातळीवर होईल. पिचमध्ये शिफारशीचं आणि फीचं पान तिला मांडू द्या. क्लायंट सवयीनं उत्तरासाठी तुमच्याकडे बघेल, तेव्हा तिच्याकडे हात करा आणि गप्प राहा, ती अडखळली तरी. बैठकीनंतरचा मेल तिच्या नावानं जाऊ द्या, तुम्ही सीसीमध्ये. आणि क्लायंटनं पुढचा फोन तरीही तुम्हालाच केला, तर दोन वाक्यं बोलून तिचा नंबर द्या.